बुलडॉगचे काम गेले, नाव उरले

केंद्र सरकारच्या पशुसंवर्धन व दुग्धव्यवसाय विभागाने १२ मार्च २०२४ रोजी सर्व राज्यांना एक पत्र पाठविले. 'हिंस्र' ठरविलेल्या २३ प्रकारच्या श्वानांची आयात, पैदास आणि विक्री यांना परवाने देऊ नयेत, आणि जे श्वान आधीच घरोघरी पाळले गेले आहेत त्यांचे निर्बीजीकरण करावे, असा त्या पत्राचा आशय होता. पिटबुल आणि रॉटवायलर यांच्या जोडीने 'अमेरिकन बुलडॉग' हे नावही यादीत होते. अवघ्या महिन्याभरात, १० एप्रिल रोजी, कर्नाटक उच्च न्यायालयाने हे परिपत्रक रद्द ठरविले. संबंधितांशी पुरेशी सल्लामसलत न करताच ते काढले गेले, हा त्यामागील मुख्य आक्षेप होता.

वाद न्यायालयात गेला, पण त्यातून निघालेला मूळ प्रश्न मिटला नाही. एखादा श्वान धोकादायक ठरतो तो त्याच्या जातीमुळे, की ती जात घडविणाऱ्या आणि विकणाऱ्या माणसामुळे? या प्रश्नाचे उत्तर शोधायचे तर अमेरिकन बुलडॉगचा इतिहास फार उपयोगी पडतो. दोन शतकांत या एकाच कुळाने कामाचा श्वान, प्रदर्शनातील शोभेचा श्वान आणि भीतीचे प्रतीक अशी तिन्ही रूपे घेतली, आणि प्रत्येक रूपामागे माणसाचाच हात होता.

कसायाच्या दारातून प्रदर्शनाच्या मंचावर

बुलडॉग या नावातच त्याचे मूळ काम दडलेले आहे. उधळलेल्या बैलाला नाकाडावर पकडून जागीच रोखून धरणारा तो श्वान. इंग्लंडमध्ये कसायाला आणि गुरे राखणाऱ्याला अशा श्वानाची गरज असे. याच कौशल्याचा पुढे क्रूर खेळ झाला. दोराने बांधलेल्या बैलावर श्वान सोडायचे आणि भोवती पैजा लावायच्या, हा तेथील गावोगावचा करमणुकीचा प्रकार होता. झुंजविलेल्या बैलाचे मांस मऊ होते, अशी समजूत असल्याने काही गावांत तर कत्तलीपूर्वी बैल झुंजविणे बंधनकारकच होते.

या प्रकाराला आळा घालण्याचे प्रयत्न दीर्घकाळ चालले. १८०० आणि १८०२ साली ब्रिटिश संसदेत आलेली विधेयके नामंजूर झाली. १८२२ साली गुरांना क्रूरपणे वागविण्याविरुद्ध कायदा झाला, पण त्यातील 'गुरे' या शब्दात बैल येत नाही, असा अर्थ न्यायालयांनी लावला. अखेर १८३५ च्या कायद्याने बैलांच्या झुंजींवर स्पष्ट बंदी आली.

बंदी योग्यच होती. परंतु तिच्यामुळे बुलडॉगचे काम संपले, आणि काम संपलेल्या जातीचे पुढे काय होते याचा धडा इंग्लंडमध्येच गिरविला गेला. १८७३ साली केनेल क्लब स्थापन झाला आणि श्वानप्रदर्शनांचे युग सुरू झाले. आता श्वानाची निवड पकडीवर, दमावर वा चपळाईवर होईना. कपाळावरच्या सुरकुत्या, आखूड नाक, रुंद छाती यांना गुण मिळू लागले. खालचा जबडा पुढे आणि नाक थोडे मागे, ही ठेवण पकड न सोडता श्वास घेण्यासाठी होती, असे परंपरेने सांगितले जाते. प्रदर्शनासाठी तीच ठेवण इतकी ताणली गेली की श्वास घेणेच अवघड होऊन बसले.

या सौंदर्याची किंमत आकड्यांत मोजता येते. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील पाहणीत बुलडॉगची ८० टक्क्यांहून अधिक वेते सिझेरियन शस्त्रक्रियेने झाल्याचे आढळले. पिलांची डोकी मोठी आणि मातेचा कटिभाग अरुंद, असा हा मेळ आहे. २०१६ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी या जातीच्या जनुकांचा अभ्यास केला. केवळ जातीअंतर्गत निवडीने तिला पुन्हा निरोगी करण्याइतकी विविधताच तिच्यात फारशी उरलेली नाही, असा इशारा त्यांनी दिला. ज्या प्राण्याला नैसर्गिकपणे जन्म देणेही जमत नाही, त्याला कोणत्या अर्थाने 'शुद्ध' म्हणावे?

अटलांटिकपलीकडचा भाऊबंद

याच कुळाची एक शाखा मात्र वेगळ्या वाटेने गेली. इंग्लंडमधून अमेरिकेच्या दक्षिण भागात स्थायिक झालेल्यांनी आपल्याबरोबर जुन्या घडणीचे बुलडॉग नेले. जॉर्जिया, अलाबामा, फ्लोरिडा या भागांत त्या काळी कुंपणे विरळा होती आणि गुरे, डुकरे रानात मोकळी चरत. सोळाव्या शतकात स्पॅनिश मोहिमांबरोबर आलेली डुकरे पुढे रानटी झाली आणि शेतांची नासधूस करू लागली. अशा मुलखात शेतकऱ्याला हवा होता तो एकच श्वान, जो घराची राखण करील, हट्टी जनावराला वळवील आणि वेळ पडल्यास रानडुकराचा कान पकडून मालक येईपर्यंत सोडणार नाही.

तेथे ना वंशावळीची कागदपत्रे होती, ना प्रदर्शने. जो श्वान दिवसभर उन्हात धावू शकला, तोच पुढच्या पिढीचा बाप झाला. आखूड नाकाचा श्वान दक्षिणेच्या उकाड्यात धापा टाकून आडवा झाला असता, म्हणून त्याची पैदास आपोआपच थांबली. परीक्षा घेणारे रान होते. इंग्लंडमध्ये जी जात दिखाऊ होत गेली, ती इकडे कामाची राहिली याचे कारण इतके साधे आहे.

विसाव्या शतकात हे जगही बदलले. शेतीत यंत्रे आली, कुंपणे उभी राहिली. फ्लोरिडाने तर १९४९ साली कायदा करून मोकळ्या चराईची पद्धत बंद केली. दुसऱ्या महायुद्धानंतर हे श्वान इतके थोडे उरले की जात नामशेष होण्याच्या मार्गावर होती. जॉर्जियातील जॉन डी. जॉन्सन आणि अ‍ॅलन स्कॉट या दोघांनी आडवळणाच्या शेतांवरून उरलेसुरले श्वान गोळा केले, त्यांची पैदास केली आणि नोंदी ठेवण्यास सुरुवात केली. आज 'अमेरिकन बुलडॉग' म्हणून ओळखली जाणारी जात प्रामुख्याने या दोघांच्या खटाटोपातून उभी आहे.

पुढे दोघांचे मार्ग वेगळे झाले. जॉन्सन यांचा ओढा मोठ्या डोक्याच्या, आखूड तोंडाच्या, धिप्पाड श्वानाकडे होता. स्कॉट यांनी लांब तोंडाचा, हलक्या अंगाचा, धावणारा श्वान पसंत केला. आजही जातीतील दोन प्रकार या दोघांच्याच नावांनी ओळखले जातात. अमेरिकेतील युनायटेड केनेल क्लबने १ जानेवारी १९९९ रोजी या जातीला मान्यता दिली. म्हणजे श्वान जुना असला तरी कागदोपत्री जात अगदी अलीकडची आहे.

थोड्या रक्ताचा मोठा धोका

मूठभर श्वानांपासून जात पुन्हा उभी करणे कौतुकास्पद असले, तरी त्यात एक धोका अटळ असतो. मूळ संच लहान असला की पुढील पिढ्यांत नातेसंबंध गुंतत जातात. एखादा नर गाजला की सगळेच त्याची पिले मागतात, आणि त्याच्या शरीरात दडलेला दोष शेकडो घरांत पोहोचतो. अमेरिकन बुलडॉगमध्ये हे घडले. तरुण वयात चालण्याचा तोल बिघडविणारा एक मज्जासंस्थेचा आनुवंशिक विकार या जातीत आढळतो. २००६ साली मिसुरी विद्यापीठातील संशोधकांनी त्यामागील जनुकीय बदल शोधून काढला. माशाच्या खवल्यांसारखी त्वचा सुटणारा विकारही या जातीत आनुवंशिक आहे.

हे दोन्ही दोष अप्रभावी जनुकांमुळे उद्भवतात. वाहक श्वान दिसायला पूर्ण निरोगी असतो, परंतु दोन वाहकांचा संकर झाला तर सरासरी चारातील एक पिलू आजारी निपजते. जोडीतील एक जरी दोषमुक्त असला तर एकही पिलू आजारी होत नाही. रक्ताच्या वा लाळेच्या नमुन्यावरून ही तपासणी करता येते. म्हणजे पिलाचा आजार टाळणे हे पैदासकाराच्या हाती असते. खुब्याच्या सांध्याच्या विकारासाठी आई-बापांची क्ष-किरण तपासणी करणे, हेही त्याचेच काम. जो हे करीत नाही तो केवळ पिलांचा व्यापार करतो, पैदास नव्हे.

यादीने प्रश्न सुटतो का?

धोकादायक श्वानांची यादी करण्याचा मार्ग ब्रिटनने १९९१ सालीच चोखाळला. पिटबुल, टोसा, डोगो अर्जेंटिनो आणि फिला ब्राझिलेरो या चार प्रकारांवर तेथे बंदी आली. तरीही इंग्लंडमध्ये श्वानदंशामुळे रुग्णालयात दाखल होणाऱ्या प्रौढांचे प्रमाण १९९८ ते २०१८ या काळात तिपटीने वाढले. यादीबाहेरचा आणि अधिक दणकट 'एक्सएल बुली' दरम्यान बाजारात आला. त्याने घेतलेल्या बळींनंतर १ फेब्रुवारी २०२४ पासून इंग्लंड व वेल्समध्ये सूट-प्रमाणपत्राशिवाय तो पाळणे गुन्हा ठरला. त्याची ओळख कागदावरून नव्हे, तर उंची आणि शरीराची ठेवण पाहून ठरविली जाते. त्यामुळे अमेरिकन बुलडॉग यादीत नसूनही त्याच्या मालकाला टेप घेऊन बसण्याची वेळ आली.

जातीवरून स्वभाव ठरतो, या समजुतीलाही विज्ञानाने मर्यादा घातली आहे. २०२२ साली 'सायन्स' नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या, १८ हजारांहून अधिक श्वानांच्या पाहणीत वर्तनातील फरकांपैकी सुमारे ९ टक्केच फरक जातीने स्पष्ट होतात, असे दिसले. परंतु याचा अर्थ सर्व श्वान सारखेच, असा घेणे ही आत्मवंचना ठरेल. चाळीस-पन्नास किलोंचा, पकड न सोडण्यासाठीच पिढ्यान्‌पिढ्या निवडलेला श्वान एकदाच चुकला तरी समोरच्या बालकाला दुसरी संधी मिळत नाही. त्या बालकाच्या पालकांना टक्केवारी सांगून समाधान होणार नाही, आणि होऊही नये.

म्हणूनच २०२४ च्या भारतीय यादीतील ढिलेपणा खटकतो. तिच्यात टोसा दोन वेगवेगळ्या नावांनी आला होता आणि 'टेरियर' व 'मॅस्टिफ' असे अख्खे गटच घातले होते. मांडीवर मावणारे श्वानही टेरियर असतात. अशी यादी न्यायालयात टिकत नाही, आणि टिकली तरी तिची अंमलबजावणी करणाऱ्या पालिका कर्मचाऱ्याला काय कळणार?

वास्तविक नियमांची वानवा नाही. व्यापारी पैदाशीसाठी श्वान आयात करण्यावर भारताने २०१६ साली बंदी घातली. त्यानंतरच्या वर्षी आलेल्या श्वान पैदास व विक्री नियमांनी पैदासकाराला राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी सक्तीची केली, मादीच्या वयाची व वेतांची मर्यादा ठरविली आणि आठ आठवड्यांखालील पिलू विकण्यास मनाई केली. या नियमांची कसोटी लागते ती पिलू विकत घेण्याच्या क्षणी. नोंदणी कुठे आहे, आई-बाप पाहायला मिळतील का, तपासण्यांचे अहवाल आहेत का, हे तीन प्रश्न ग्राहकाने विचारले तर निम्मा अनिष्ट व्यापार तेथेच अडेल.

जॉर्जियाच्या शेतावरील बुलडॉगला दिवसभराचे काम होते, मोकळे रान होते आणि त्याचा स्वभाव ओळखणारा धनी होता. दोन खोल्यांच्या सदनिकेत, साखळीला बांधून, शेजाऱ्यांवर छाप पाडण्यासाठी ठेवलेल्या त्याच्या वंशजाकडे यांपैकी काहीच नाही. इंग्लंडमध्ये हौसेने या कुळाचा श्वास कोंडला. आपल्या शहरांत तीच हौस त्याची साखळी आवळीत असेल, तर एखाद्या यादीत नाव घालून वा वगळून त्या श्वानाचेही भले होणार नाही आणि त्याच्या शेजारी राहणाऱ्यांचेही.