यंत्राला रक्तवाहिनी दिसते, बाई कधी दिसणार?

गर्भलिंगनिदानाविरुद्ध आपण लढलो. आधी गर्भजलपरीक्षा, मग सोनोग्राफी. महाराष्ट्रात १९८८ साली आणि देशात १९९४ साली कायदा झाला. बाईच्या पोटात डोकावणारे यंत्र कुणाच्या हितासाठी डोकावते, हा तेव्हाचा प्रश्न आजही संपलेला नाही.

आता सोनोग्राफीतून अंडाशयाच्या कर्करोगातील रक्तवाहिन्याही टिपता येऊ लागल्या आहेत. गाठीला वाढायला रक्त हवे, म्हणून ती नव्या रक्तवाहिन्या ओढून घेते, असे ज्यूडा फोकमन यांनी १९७१ साली मांडले. या वाहिन्यांच्या अस्तरावरील प्रथिनाला चिकटणारे सूक्ष्म बुडबुडे शिरेतून सोडले, की त्या पडद्यावर दिसतात. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या पहिल्या मानवी चाचणीत अंडाशयात गाठ असलेल्या २४ स्त्रिया होत्या.

आपला विरोध या संशोधनाला नाही. रक्तवाहिन्यांची वाढ रोखणाऱ्या बेव्हॅसिझुमॅबने रोग काही महिने थोपवला. पण २०११ साली प्रसिद्ध झालेल्या १,८७३ स्त्रियांच्या चाचणीत एकूण आयुष्य वाढल्याचे दिसले नाही. हे महागडे औषध कुणाला लागू पडेल, हे आधीच सांगणारी तपासणी निघाली तर ती हवीच आहे.

विरोध आहे तो भीती विकण्याला. ब्रिटनमध्ये दोन लाखांहून अधिक स्त्रियांचा अभ्यास झाला. त्यांतील निम्म्या स्त्रियांची दरवर्षी रक्ततपासणी किंवा सोनोग्राफी केली गेली. तरी या रोगाचे मृत्यू कमी झाले नाहीत, असा निष्कर्ष २०२१ साली आला. मग धडधाकट बायकांच्या गळ्यात तपासणीची पॅकेजे कशासाठी?

आणि जिला खरोखर त्रास होतो तिचे काय? पोट फुगते, दोन घासांत भरते, सारखी लघवीला लागते. तिला उत्तर मिळते – गॅस झालाय, वय झालं, मनाचे खेळ आहेत! घरचे सगळे जेवल्यावर जेवणारीची भूक मेली, हे कुणाच्या लक्षात येणार? रोग पोटभर पसरल्यावरच बहुतेकींचे निदान होते.

म्हणून आपल्या मागण्या साध्या आहेत. असा त्रास आठवडे-आठवडे टिकला, तर तालुक्याच्या रुग्णालयात आतून तपासणी व सोनोग्राफी झालीच पाहिजे. नव्या चाचणीची संमती बाईला समजेल अशा भाषेत घेतली पाहिजे. निदान आधी तिला सांगा. नवऱ्याला, मुलाला नंतर.

मैत्रिणींनो, यंत्र सुधारत राहील. पण बाईचे ऐकून घ्यायला कुठलेच यंत्र लागत नाही!