लोडर म्हणजे पोकलेन नव्हे!

२०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. पुढं २०१७ ला 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना आली. नांदेड-लातूरकडं उन्हाळ्यात गाळ निघतो, चांगलंच आहे. पण ट्रॅक्टरच्या पुढच्या लोडरनं वाळून दगड झालेला गाळ उकरताना बघितलं की माझा जीव वरखाली होतो. अहो, लोडर मोकळी माती उचलायला असतो! बकेट खाली झुकवून धडक दिली की जॅकचा दांडा वाकतो, मार पुढच्या एक्सलला. दुरुस्तीचं बिल ट्रॅक्टरवाल्याला, बँकेचा हप्ताही त्यालाच. बकेट भरल्यावर जमिनीलगत ठेवा, मागं वजन लावा, हे तर आलंच. पण सरपंचांनो, आधी खोदायला पोकलेन ठरवा, मगच ट्रॅक्टर बोलवा.