चौलचे एक तिकीट

‘कोणाकडे आलात?’

चौल नाक्यावर एस.टी.तून उतरून पाण्याची बाटली घेण्यासाठी समोरच्या दुकानात गेलो, तेव्हा दुकानदारांनी विचारलेला हा पहिला प्रश्न. खांद्याला पिशवी, वय साठीच्या पुढे, सोबत कोणी नाही. असा माणूस गावात कोणाच्या तरी लग्नाला, बाराव्याला नाहीतर जमिनीच्या कामालाच येणार, असा त्यांचा हिशेब असावा. ‘कोणाकडे नाही, चौल पाहायला आलो आहे,’ असे मी म्हणताच त्यांनी माझ्याकडे नीट पाहून घेतले आणि म्हणाले, ‘बीच नागावला आहे, रेवदंड्याला आहे. चौलात काय पाहणार काका?’

हा प्रश्न त्या भल्या गृहस्थांचा एकट्याचा नाही. आपल्या सर्वांचाच आहे आणि त्यात मीही आलो. काही वर्षांपूर्वी मुला-नातवंडांबरोबर मोटारीने काशीदच्या किनाऱ्यावर गेलो होतो. जाताना चौल लागले, येतानाही लागले. गाडीच्या काचा बंद होत्या, आत गाणी चालू होती. दोन हजार वर्षांचे एक नगर आम्ही दहा मिनिटांत ओलांडले आणि ते ओलांडल्याचे कोणाच्या ध्यानीही आले नाही. व्याख्यानांतून प्राचीन भारताच्या सागरी वैभवाविषयी अधिकारवाणीने बोलणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला ही गोष्ट नंतर फार बोचली. म्हणून या खेपेस ठरवले की एकट्याने जायचे आणि एस.टी.नेच जायचे. घरातून अपेक्षित विरोध झाला. ‘बाबा, रविवारी गाडीने नेतो की!’ पण मोटारीतून चौल दिसत नाही, हे मी अनुभवले होते.

जुनीच वाट

पुण्याहून पहाटेची अलिबागची गाडी पकडली. खिडकीजवळची जागा मिळाली. कार्ला-भाजे ही नावे दाखवणारे फलक मागे पडले, गाडी बोरघाट उतरू लागली आणि मनात आले, आपण काही नव्या वाटेने चाललेलो नाही. सातवाहनांच्या काळी देशावरचा माल बैलांच्या पाठीवर लादून तांडे याच परिसरातील घाटवाटांनी कोकणातील बंदरांकडे उतरत. त्या वाटेवरच कार्ले आणि भाजे येथील लेणी खोदली गेली. व्यापाऱ्यांनी आणि सामान्य गृहस्थांनी त्यांना दाने दिली. खोपोली, पेण, वडखळ, पोयनाड, कार्लेखिंड अशी स्थानके घेत गाडी समुद्राकडे सरकत होती. शेजारच्या जागेवर माणसे बदलत होती. शाळेत जाणारी दोन मुले, पेणला उतरणारा एक मूर्तिकार, माहेराहून परतणारी एक लेकुरवाळी. प्रत्येकाने विचारले, ‘कुठे जाणार?’ मी ‘चौल’ म्हटले की प्रत्येकाकडे सांगण्यासारखे काहीतरी होते. कोणाची आत्या तिकडे दिलेली, कोणी दत्तजयंतीला दत्ताच्या डोंगरावर जाऊन आलेला. बंद मोटारीत हे संभाषण घडले नसते.

अलिबागहून रेवदंड्याकडे जाणाऱ्या गाडीत बसलो, पण आधी अक्षीला उतरलो. एकट्याने जाण्याचा हा लाभ असतो. मध्येच उतरायचे तर कोणाची संमती घ्यावी लागत नाही. अक्षीचा शिलालेख शिलाहार राजा केसिदेव याच्या काळातला. त्यावरील काळ अनेक अभ्यासकांनी शके ९३४, म्हणजे इ. स. १०१२ असा वाचला आहे. काहींचे वाचन वेगळे आहे. पण मराठीतील आद्य शिलालेखांच्या चर्चेत अक्षीचे नाव श्रवणबेळगोळच्या बरोबरीने घेतले जाते. या लेखात राजाला लावलेले एक बिरुद आहे, ‘पश्चिमसमुद्राधिपती’. एका मराठी लेखात, एका कोकणच्या राजाने, पश्चिम समुद्राचा स्वामी म्हणून आपली ओळख दगडावर कोरून ठेवावी! आणि हा दगड वर्षानुवर्षे रस्त्याच्या कडेला ऊन-पाऊस सोसत उभा राहावा! २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा आपण पेढे वाटले. ते उचितच होते. परंतु पेढे वाटणाऱ्यांपैकी कितीजण अक्षीला उतरले असतील?

एका नगराची अनेक नावे

अक्षीहून पुढची गाडी धरून चौलला आलो. चंपावती, चेमुल, सेमुल्ल, सैमूर, चिविल, चौल ही सारी नावे या एकाच नगराची. स्थानिक परंपरा त्याला चंपावती म्हणते. मुंबईजवळच्या कान्हेरी लेण्यांतील शिलालेखांत चेमुलच्या रहिवाशांनी दिलेल्या दानांची नोंद आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक दर्यावर्द्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या प्रवासपुस्तिकेत कल्याणच्या खालोखाल या बंदराचे नाव येते. दुसऱ्या शतकातील टॉलेमीलाही ते ठाऊक होते. ऋतुचक्राप्रमाणे वाहणाऱ्या वाऱ्यांचा आधार घेऊन तांबड्या समुद्रातून निघालेली गलबते याच किनाऱ्यावर येत. या शतकाच्या आरंभी पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयातील पुरातत्त्वज्ञांनी येथे उत्खनन केले, तेव्हा सातवाहनकालीन वस्तीचे अवशेष हाती लागले. जे ग्रंथांत होते, ते भूमीनेही मान्य केले.

दहाव्या शतकाच्या आरंभी, ९१६च्या सुमारास, अरब प्रवासी मसूदी येथे आला. त्या वेळी येथे शिलाहार राजा झंझ याची सत्ता होती. सिराफ, ओमान, बसरा, बगदाद येथून आलेले सुमारे दहा हजार मुसलमान या भागात राहत होते आणि त्यांचे आपसातील व्यवहार पाहण्यासाठी राजाने त्यांच्यापैकीच एक प्रमुख नेमलेला होता, असे त्याने लिहून ठेवले आहे. सामर्थ्यवान समाज आपल्या बंदराची दारे उघडी ठेवू शकतो, परक्याला न्याय देऊ शकतो आणि तरीही आपला राहतो, याची ही जुनी साक्ष आहे. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात अफनासी निकितीन हा रशियन व्यापारी एक घोडा घेऊन चौललाच उतरला आणि येथून जुन्नरकडे गेला. त्याच्या स्मरणार्थ २००२ मध्ये रेवदंड्याला एक स्तंभ उभारण्यात आला. दूरदेशीच्या लोकांना आपला प्रवासी कुठे उतरला याची आठवण साडेपाच शतके राहते. तो ज्यांच्या घरी उतरला त्या आपल्याला?

आता चौलात काय पाहिले ते सांगतो. नाक्यापासून पायी निघालो. रामेश्वराचे मंदिर, त्यापुढची विस्तीर्ण पुष्करणी, पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या. मंदिरात पर्जन्यकुंड, वायुकुंड आणि अग्निकुंड आहेत. पाऊस रुसला की पर्जन्यकुंड उघडण्याची परंपरा या गावाने जपली. समुद्रावर आणि आभाळावर ज्यांचे पोट अवलंबून, त्यांची ही श्रद्धा. दर्शन घेतले आणि पायरीवर अर्धा तास स्वस्थ बसलो. पुढे डोंगरावर हिंगलाजदेवी. बलुचिस्तानच्या मकरान किनाऱ्याजवळचे हिंगलाजमातेचे शक्तिपीठ सर्वपरिचित आहे. त्या देवतेचे नाव कोकणच्या या डोंगरावर ऐकले की दोन किनाऱ्यांमधले अंतर कमी वाटू लागते. जवळच कातळात खोदलेली लेणी आहेत. तेथून खाली पाहिले की नारळी-पोफळीच्या हिरव्या छत्राखाली सारे गाव झाकलेले दिसते. चौलात तीनशे साठ देवळे आणि तीनशे साठ तळी होती, असे लोक सांगतात. संख्या परंपरेची, पण वाडीवाडीतून फिरताना तळी, बांधीव विहिरी, घडीव दगड पाहिले की ती सांगणाऱ्यांना हसावेसे वाटत नाही.

एका वाडीच्या बेड्याशी उभा होतो. आतून एका आजींनी विचारले, ‘कोण पाहिजे?’ मी हेतू सांगितला. त्यांनी आत बोलावले, पाणी दिले आणि वाडीच्या कोपऱ्यातला एक कोरीव दगड दाखवला. ‘आमच्या सासूबाई ह्याला रोज फूल वाहायच्या. कशाचा आहे ते काही आम्हाला ठाऊक नाही. पण मी मोडू दिला नाही हो.’ कोणत्याही संग्रहालयाच्या सूचीत नसलेला तो दगड एका घराण्यातल्या दोन पिढ्यांच्या स्त्रियांनी केवळ निष्ठेने सांभाळला होता. मी त्या दगडाला नमस्कार केला, आणि त्या आजींनाही.

कोटाच्या आत

संध्याकाळी रेवदंड्याला गेलो. हे खालचे चौल, पोर्तुगिजांचे. १५०८ मध्ये चौलच्या मुखाशी झालेल्या आरमारी युद्धात पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा मारला गेला. तरीही तेरा वर्षांनी, १५२१ मध्ये, त्यांनी निजामशहाकडून येथे किल्ला बांधण्याची अनुमती मिळवली. आजही रस्ता त्या तटातून आत शिरतो आणि गाव तटाच्या आतच नांदते. सातखणी मनोऱ्याचे वरचे मजले केव्हाच कोसळले; उरलेला भाग समुद्राकडे पाहत उभा आहे. १६८३ मध्ये संभाजी महाराजांच्या सैन्याने या कोटाला वेढा घातला. वसईच्या विजयानंतर १७४० मध्ये तो मराठ्यांच्या हाती आला. खाडीपलीकडच्या डोंगरावर कोर्लईचा किल्ला आणि त्याच्या पायथ्याशी कोर्लई गाव आहे. तेथील ख्रिस्ती कुटुंबे आजही पोर्तुगीज आणि मराठी यांच्या मिश्रणातून घडलेली बोली घरात बोलतात. राज्य जाऊन पावणेतीनशे वर्षांहून अधिक काळ लोटला. पण त्या लहानशा समाजाने आपली बोली टाकलेली नाही. इंग्रजी माध्यमात शिकणाऱ्या नातवंडांशी घरात कोणत्या भाषेत बोलायचे, या विवंचनेत असलेल्या आपण त्यांच्याकडून काही शिकण्यासारखे आहे.

मग चौल बुडाले कशाने? परकीयांच्या तोफांनी, असे उत्तर देऊन मोकळे होणे सोपे आहे. लढाया झाल्या, विध्वंस झाला, हे खरेच. पण खाड्या गाळाने भरत गेल्या, मुंबईचे नवे बंदर वाढत गेले, चौलचे काही विणकर सतराव्या शतकातच मुंबईला जाऊन वसले. व्यापार गेला आणि पाठोपाठ वैभव गेले. इथपर्यंत इतिहासाचा क्रम आहे, त्याला इलाज नव्हता. त्यानंतर जे झाले त्याचे उत्तर मात्र आपल्याला द्यायचे आहे. नगर पडल्यावर त्याची आठवणही पडू दिली ती कोणी? शत्रूने पाडलेले देऊळ इतिहासात तरी राहते. आपण विसरलेले देऊळ कोठेच राहत नाही. आत्मविस्मृती हा शब्द आपण बौद्धिकांतून वारंवार उच्चारतो. ती परक्यांच्या पाठ्यपुस्तकांतून येते तशी बंद काचेच्या मोटारीतूनही येते, हे मला या प्रवासात कळले.

जाणकार विचारतील, यासाठी एकट्याने आणि एस.टी.नेच का जायचे? चमूने गेलो की आपण आपल्यातच असतो. आपलेच विनोद, आपलेच डबे. एकटा माणूस गावाशी बोलतो, कारण त्याला दुसरे कोणी नसते. त्याला वाट विचारावी लागते, आणि वाट विचारली की गोष्ट मिळते. रेवदंड्याहून परतताना चहा घेण्यात माझी गाडी हुकली. पुढच्या गाडीपर्यंतच्या तासाभरात एका निवृत्त नाखव्याने मला वाऱ्यांची नावे आणि दिशा सांगितल्या. ‘पेरिप्लस’चे ते पान मी अनेकदा वाचले होते, ते त्या बाकावर समजले.

आणि हे केवळ हौशी तरुणांचे काम नाही. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, या मार्गावर पहिली एस.टी. धावली. तेव्हापासून या गाडीने महाराष्ट्राचे खेडे न् खेडे जोडले आहे. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना २०२२ पासून विनामूल्य आणि महिलांना २०२३ पासून अर्ध्या तिकिटात प्रवासाची सवलत मिळाली. आयुष्यभर इतरांच्या सोयीने प्रवास केलेल्या आपल्या आया-बहिणींनी एकदा स्वतःच्या इच्छेने, एकट्याने, एखादे जुने गाव पाहून यावे. दहावी-बारावीच्या मुलांना सुटीत दूरच्या शिबिराला पाठवतो, तसे एक दिवस जवळच्या प्राचीन स्थळी एकट्याने पाठवावे. जाण्यापूर्वी थोडे वाचावे, पायांत चांगल्या चपला असाव्यात, दिवसाउजेडी परतीची गाडी धरावी. अवशेष बहुधा खासगी वाड्यांत असतात, म्हणून विचारल्याशिवाय आत पाऊल टाकू नये. जे पाहिले ते वहीत लिहून काढावे आणि घरात वाचून दाखवावे. प्रत्येक शाखेने, प्रत्येक वाचनालयाने आपल्या तालुक्यातील एका विस्मृत स्थळाची अशी एक वही केली, तरी पुष्कळ होईल. चौलप्रमाणेच नालासोपारा आहे, दाभोळ आहे, कल्याण आहे. यादी लांब आहे आणि गाड्या रोज सुटतात.

परतताना पुन्हा त्या दुकानात गेलो. दुकानदारांना अक्षीच्या ‘पश्चिमसमुद्राधिपती’विषयी, मसूदीविषयी, वाडीतल्या आजींच्या दगडाविषयी सांगितले. त्यांनी सारे ऐकून घेतले. पैसे घेतले नाहीत. एवढेच म्हणाले, ‘काका, पुन्हा याल तेव्हा माझ्या पोराला हे सांगाल? तो यंदा नववीला आहे.’

मी हो म्हटले आहे. आता मला कोणी ‘कोणाकडे आलात?’ असे विचारले, तर चौलात सांगायला एक घर आहे.