बिऱ्हाडाचा कागद

एकत्र कुटुंबांत वाढलेला मुलगा शिक्षणासाठीं परगांवीं बिऱ्हाड करूं लागला, म्हणजे आईला काळजी लागते त्याच्या जेवणाची आणि वडिलांना फीची. ज्यांच्याबरोबर तो एका छपराखालीं राहणार, त्यांच्याशीं त्याचें काय ठरलें आहे, ही चौकशी मात्र सहसा कोणी करीत नाहीं. आम्हीही केली नव्हती.

दोन वर्षांपूर्वीं माझा पुतण्या साताऱ्याहून पुण्यास गेला. शाळेपासूनच्या दोन मित्रांसह त्यानें कोथरुडांत जागा घेतली. भाडें महिना २१,००० रुपये, अनामत ६०,०००. दोन्ही तिघांत समान. मालकाशीं रीतसर करार झाला, पण त्यावर सही एकट्या पुतण्याची. कारण त्या दिवशीं तोच मोकळा होता! सहाव्या महिन्यांत एका मित्रास मुंबईस नोकरी लागली. जातांना त्यानें अनामतींतील आपले २०,००० मागितले. अनामत मालकाकडे, ती मुदत संपल्यावर मिळावयाची. इकडे त्याच्या भाड्याचे ७,००० दरमहा उरलेल्या दोघांवर पडूं लागले. "जागा तिघांनीं घेतली, भाडेंही तिघांचें," असें हे म्हणत, "करारांत माझें नांव कोठें आहे?" असें तो विचारी. कोणीच खोटें बोलत नव्हतें. कांहींच ठरलें नव्हतें, म्हणून प्रत्येकानें आपल्या सोयीचें तेंच ठरलें असें मानलें होतें. त्या मुलाच्या मातोश्री आमच्याच आळींत राहतात. गेल्या दिवाळींत त्या आमच्याकडे फराळास आल्या नाहींत.

यंदा पुतणीची पाळी आली, तेव्हां मीं कागदाची गोष्ट काढली. "सख्ख्या मैत्रिणींत कागद कसला, भाऊजी?" असें वहिनी म्हणाल्या. त्यांचें म्हणणें अगदींच चुकीचें नव्हे. आपल्या घरांत कोणी कोणाशीं करार करीत नाहीं; परंतु आपल्या घरांत वडील माणूस असतें, आणि त्याचा शब्द हाच कायदा असतो. सारख्या वयाच्या तिघीजणींत वडील कोण? तेथें कागदालाच वडीलकी द्यावी लागते.

हे करार दोन आहेत, हें प्रथम समजून घ्यावें. पहिला मालकाशीं. १९९९ च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्याच्या ५५ व्या कलमाप्रमाणें तो लेखी व नोंदलेला असला पाहिजे, आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. बहुधा तो ११ महिन्यांचा असतो. त्यांत राहणाऱ्या सर्वांचीं नांवें घालावींत. मात्र त्यामुळें मालकाला आपल्या वाट्यापुरतेंच देणें लागतो, असें समजूं नये. १८७२ च्या करार कायद्याचें ४३ वें कलम असें कीं, अनेकांनीं मिळून एक वचन दिलें असतां, उलट ठरलें नसल्यास, त्यांतील कोणाही एकाकडून संपूर्ण वसुली करितां येते. ज्यानें भरलें त्यानें मग इतरांकडून समान वाटा मागावा. मोठ्या खोलीस अधिक भाडें द्यावयाचें असेल, तर तें आधींच लिहून ठेवलेलें बरें.

त्यासाठीं दुसरा करार, मुलांचा आपसांतला. त्यांत भाड्याचे व अनामतीचे वाटे आंकड्यांत लिहावे. कोणी मध्येंच गेल्यास सूचना किती दिवसांची, बदली माणूस कोणी शोधावयाचें, आणि गेलेल्याची अनामत कोणी व केव्हां परत करावयाची, हें कलम सर्वांत महत्त्वाचें. वीज, गॅस, इंटरनेट व कामवाली यांचा खर्च, पाहुण्यांचा मुक्काम, परीक्षेच्या दिवसांतील शांतता, सामाईक वस्तूंची मालकी, हेंही लिहावें. भांडीं कोणी घासावींत हा वाद कोणी न्यायालयांत नेणार नाहीं. पण बहुतेक भांडणें तेथूनच सुरू होतात. जागेंत शिरतांच भिंती, नळ व दारें यांचीं छायाचित्रें काढून ठेवावींत. अनामत परत घेतांना तीं उपयोगीं पडतात. आणखी एक: १८ वर्षें पूर्ण न झालेल्याचा करार कायद्यानें टिकत नाहीं. तेथें पालकांनीं बोलणें करावें.

अखेर एका रविवारीं पुतणी व तिच्या दोन मैत्रिणी आमच्या ओसरीवर बसल्या. लेखनाचें काम पुतण्यानें आपण होऊन घेतलें. भाड्याचें दहा मिनिटांत आटोपलें; पाहुण्यांवरून अर्धा तास गेला. "कोणी मध्येंच गेल्यास" हें कलम आलें, तेव्हां एक मुलगी गप्प झाली. मग म्हणाली, "काका, आमच्याकडे माझ्या लग्नाचें चाललें आहे. माघापर्यंत कदाचित् मला जावें लागेल." क्षणभर कोणी बोललें नाहीं. मग पुतणी म्हणाली, "बरें झालें आतांच सांगितलेंस," आणि तिघींनीं मिळून दोन महिन्यांची सूचना ठरविली.

कागद नसता, तर ही गोष्ट त्यांना माघांतच कळली असती. तिघींच्या सह्या झाल्या, तीन प्रती निघाल्या. वहिनींनीं चहा आणला व एक प्रत मागून घेऊन स्वतः वाचली.