सिव्हिलचं फायर ऑडिट झालं होतं, मग पैसे कुठं अडले?

अहिल्यानगरच्या जिल्हा रुग्णालयात, म्हणजे आपल्या सिव्हिलमध्ये, ६ नोव्हेंबर २०२१ रोजी कोविडच्या अतिदक्षता विभागाला आग लागली. त्या दिवशी ११ रुग्णांचा जीव गेला. पुढे एक डॉक्टर आणि तीन परिचारिकांना अटक झाली. परिचारिका संघटनांनी त्याला विरोध केला.

ही आग अचानक आलेलं संकट नव्हतं. त्याच वर्षी ९ जानेवारीला भंडाऱ्यात दहा नवजात बाळं दगावली होती. त्यानंतर राज्यातल्या रुग्णालयांचं फायर ऑडिट करण्याचे आदेश निघाले. नगरमध्येही ऑडिट झालं होतं. पण सुचवलेली कामं निधीअभावी राहिली, असं आगीनंतरच्या बातम्यांतून पुढं आलं. धोका कागदावर आला, पैसा आला नाही.

दोषी कोण, हे न्यायालय ठरवेल. आम्हाला वेगळं म्हणायचं आहे. वॉर्डात धूर भरला की तो रुग्ण आणि नर्स यांच्यात फरक करत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० च्या रुग्ण सुरक्षा दिनाला हाच विषय घेतला होता: आरोग्य कर्मचारी सुरक्षित असतील तरच रुग्ण सुरक्षित राहतील.

म्हणून दोघांच्या सुरक्षेसाठी निधीही एकच हवा. इमारत आणि वायरिंग बांधकाम विभागाकडं, आग विझवणं अग्निशमन दलाकडं, रुग्ण डॉक्टर-नर्सकडं आणि पैसा जिल्हा नियोजन समितीकडं. प्रत्येकाचं टेबल वेगळं असल्यानं फाईल फिरत राहते. या सगळ्यांनी, परिचारिकांच्या प्रतिनिधीसह, एकत्र बसून कामांची यादी करावी आणि जिल्हा आराखड्यात त्यासाठी वेगळी तरतूद ठेवावी. स्प्रिंकलर, बाहेर पडायचा दुसरा रस्ता, दर पाळीला आगीचा सराव आणि रात्रपाळीला पुरेशी माणसं, हे सगळं त्यात यावं.

आपण काय करू शकतो? २००६ च्या राज्य कायद्यानुसार अग्निसुरक्षा यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलैत द्यावं लागतं. दहा रुपयांच्या माहिती अधिकार अर्जात ते मागता येतं. ऑडिटमधली किती कामं झाली, किती पैसे मिळाले, हेही विचारा. कोरोनात मोहल्ल्यामोहल्ल्यातून तरुण मदतीला धावले होते. त्यांनी एक अर्ज आपल्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयासाठीही टाकावा, आणि उत्तर नगरसेवक-आमदारांपुढं ठेवावं.