दुधाचं खोकं आणि बंदूक

मैत्रिणींनो, रविवारी दुपारी जेवणं उरकून आपण ओटा पुसत असतो आणि बाहेरच्या खोलीतून धाडधाड आवाज सुरू होतात, हे काही तुम्हाला नवीन नाही. हिंदीतून बोलणारा कुठला तरी इंग्रजी मारामारीचा सिनेमा लागलेला असतो आणि घरातली पुरुषमंडळी पापणी न लवता बघत असतात. 'काय मेलं बघायचं त्यात!' असं म्हणून आपण पुन्हा कामाला लागतो. पण आज असाच एक सिनेमा मी तुम्हाला मुद्दाम बघायला सांगणार आहे. फार थोर आहे म्हणून नव्हे. बेताचाच आहे. पण त्यात आपल्या घरातली एक गोष्ट दडली आहे.

सिनेमाचं नाव 'एस्केप प्लॅन', साल २०१३. नायक सिल्व्हेस्टर स्टॅलोन. 'रॉकी' (१९७६) आणि 'फर्स्ट ब्लड' (१९८२) मुळे ज्याच्या दंडांची जगभर चर्चा झाली, तोच. जन्म १९४६ चा, म्हणजे हा सिनेमा आला तेव्हा स्वारी ६७ वर्षांची होती! जोडीला 'टर्मिनेटर' (१९८४) वाला अर्नोल्ड श्वार्झेनेगर, वयाने फक्त एका वर्षाने धाकटा. मधली काही वर्षं, २००३ ते २०११, तो कॅलिफोर्निया राज्याचा गव्हर्नर होता. एके काळी या दोघांतून विस्तव जात नसे. म्हातारपणी मात्र एका तुरुंगात एकत्र आले.

गोष्ट अशी. स्टॅलोनचा धंदाच मुळी विचित्र आहे. कैदी बनून तुरुंगात शिरायचं, तिथून निसटायचं आणि मग तुरुंगवाल्यांना सांगायचं, 'बघा, तुमची भिंत इथे कच्ची आहे.' सुरुवातीलाच तो एका तुरुंगातून निसटतो. कसा, ठाऊक आहे? दुधाच्या खोक्याचा पातळ पापुद्रा सोलून तो कुलपाच्या बटणांवर चिकटवतो. पहारेकऱ्याची बोटं कुठल्या बटणांवर पडली, ते त्यावरून कळतं. पहारा कधी बदलतो, कोण आळशी आहे, कोण वक्तशीर, सगळं त्याच्या डोक्यात पक्कं. त्याचं म्हणणं एवढंच, की सुटायला तीन गोष्टी लागतात: जागेची माहिती, तिथल्या रोजच्या शिरस्त्याची माहिती आणि कुणाची तरी मदत. अहो, हे तर आपलंच शास्त्र झालं! नळाला पाणी कधी येतं, दूधवाला कधी खाडा करतो, सासूबाईंचा डोळा कधी लागतो, हे टिपल्यावाचून घर चालतं का?

पुढे त्याच्याच भागीदाराच्या कारस्थानाने तो एका गुप्त तुरुंगात अडकतो. कोठड्या काचेच्या, खिडकी नाही, आपण कुठे आहोत हे कळायला मार्ग नाही. गुपित सांगून टाकते, कारण त्याशिवाय पुढचं बोलता येणार नाही: तो तुरुंग म्हणजे समुद्रातलं एक जहाज असतं. मग हे दोघे हाताशी लागेल त्यातून ताऱ्याची उंची मोजायचं साधन बनवतात. ध्रुवतारा क्षितिजापासून जितके अंश वर दिसतो, साधारण तितकेच अंश आपण विषुववृत्ताच्या उत्तरेला असतो, हे खलाशांचं जुनं ज्ञान. तुरुंगातल्या डॉक्टरला नायक धमकावत नाही, वैद्यकीची शपथ आठवून देतो. आणि डॉक्टर विरघळतो.

इथवर सिनेमा छान रंगतो. वय झालेला माणूस पाहतो, आठवतो, जोडतो आणि माणसं ओळखतो. पण शेवटी काय होतं? दिग्दर्शकाचा धीर सुटतो. श्वार्झेनेगर हेलिकॉप्टरवरची भली मोठी मशिनगन उचलतो आणि धडाधड गोळ्या झाडतो. झालं! सगळी हुशारी बाजूला, पुन्हा दंड पुढे. या सिनेमाला मी बेताचा म्हणते तो याचसाठी. म्हाताऱ्याच्या डोक्यावर त्याचाच विश्वास टिकत नाही. २०१८ आणि २०१९ मध्ये याचे आणखी दोन भाग निघाले, त्यांत श्वार्झेनेगर नाही. ते नाही पाहिलेत तरी चालेल.

आता आपल्या घराकडे वळू. निवृत्त झालेले आपले 'हे' किंवा मामंजी सिलिंडरवाला आला की लगबगीने पुढे होतात. 'सर, मी उचलतो!' भरलेलं सिलिंडर जवळजवळ ३० किलोचं असतं, बरं का. कंबरेत उसण भरली की आठ दिवस शेक आणि मलम. आपण रागावून म्हणतो, 'आता झेपत नाही, तर कशाला उचलता?' बायांनो, 'झेपत नाही' हा शब्द फार लागतो. ज्याने तीस-पस्तीस वर्षं घर ओढलं, त्याला तो ऐकला की वाटतं, आपला उपयोग संपला. मग दुसऱ्या दिवशी तो हट्टाने आणखी जड काही उचलतो. ही त्याची मशिनगनच म्हणायची!

तर युक्ती अशी करा. सिलिंडर आणणाऱ्याकडूनच ते जागेवर ठेवून घ्या, खाली चाकांचा स्टँड असू द्या. आणि नजरेचं काम ह्यांच्याकडे सोपवा. 'अहो, रबरी नळीवरची तारीख जरा बघता का?' सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदलायची असते, हे किती घरांत लक्षात राहतं? साबणाचं पाणी लावून सांध्याशी बुडबुडे येतात का, तेही त्यांनाच पाहू दे. काडी ओढून मात्र कधीही, कुणीही पाहायचं नाही. विजेचं बिल मागच्या महिन्यापेक्षा का वाढलं, टाकी कुठे पाझरते, हे शोधणं बसल्या जागचं काम नव्हे, त्याला अनुभव लागतो. मागून तर बघा, कसा चेहरा खुलतो ते!

आणि हे फक्त पुरुषांना लागू आहे असं समजू नका. या सिनेमातली एमी रायन नायकापेक्षा तब्बल २२ वर्षांनी लहान, आणि तिच्या वाट्याला प्रसंग येतात मोजकेच. साठी ओलांडलेल्या बाईला असली भूमिका सहसा कोण देतो? पडद्यावर नाही, निदान घरात तरी आपणच आपल्याला ती देऊ या. स्टुलावर चढून माळ्यावरचे डबे काढणं आता तरण्या हातांवर सोपवा. कुठल्या डब्यात काय आहे आणि ते कधी लागणार, हे मात्र तुमच्याइतकं कुणालाच ठाऊक नाही. ते खालून, खुर्चीत बसून, ठणकावून सांगा!

बरंय तर, पुढच्या आठवड्यात भेटूच.