खोके नव्हे, रेडिओ

तुमच्या घरी माळ्यावर एखादा जुना, लाकडी पेटीचा रेडिओ पडला आहे का? असेल तर तो भंगारवाल्याला देऊ नका. आणखी एक विनंती आहे. त्याच्या आतले सामान काढून तेथे ब्लूटूथचा स्पीकर बसवू नका. आजकाल ही पद्धत वाढली आहे. पेटी जुनी आणि आवाज मोबाइलचा! मला हे मुळीच पटत नाही.

माझे दादाजान मंगरूळपीरजवळच्या एका गावात कापूस पिकवत. कापसाच्या पैशातून त्यांनी व्हॉल्व्हचा रेडिओ घेतला. त्या काळी रेडिओ ऐकायलाही परवाना लागे. त्याची फी दरवर्षी पोस्टात भरावी लागे. दादाजानांचे परवान्याचे पुस्तक आम्हाला रेडिओच्या पेटीतच सापडले. त्यावर 'जिल्हा अकोला' असे लिहिले आहे. वाशीम जिल्हा वेगळा झाला तो 1 जुलै 1998 रोजी.

मागच्या उन्हाळ्यात मी तो रेडिओ वाशीमला नेला. पहिला दुकानदार म्हणाला, "सर, आतले भंगार फेकून द्या. संध्याकाळपर्यंत ब्लूटूथ बसवून देतो." मी रेडिओ उचलला आणि एका म्हाताऱ्या मिस्त्रीचाचांकडे गेलो.

चाचांनी पहिला प्रश्न विचारला, "घरी वीज लावून पाहिली का?"

"नाही."

"बरे केले."

हे नीट लक्षात ठेवा. बरीच वर्षे बंद असलेल्या रेडिओला एकदम वीज देऊ नये. त्यातले जुने कंडेन्सर सुकलेले असतात. त्यांतून वीज गळते आणि ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. चाचांनी आधी रेडिओच्या वाटेत एक साधा बल्ब जोडला. आत बिघाड असेल, तर हा बल्ब भगभगीत पेटतो आणि रेडिओ वाचतो. आमचा बल्ब भगभगीतच पेटला!

व्हॉल्व्ह म्हणजे हवा काढून टाकलेली काचेची नळी. आतला भाग तापला, की त्यातून इलेक्ट्रॉन निघतात. मध्ये एक बारीक जाळी असते. जाळीवर आलेला लहानसा सिग्नल मोठ्या प्रवाहाला कमीजास्त करतो. अशी जाळी ली डी फॉरेस्ट यांनी 1906 साली बसवली. ट्रान्झिस्टर आला 1947 साली, आणि पुढे व्हॉल्व्ह मागे पडले.

आमच्या रेडिओचा एकच व्हॉल्व्ह गेला होता. तो चाचांनी दुसऱ्या मोडक्या रेडिओतून काढून दिला. सात कंडेन्सर मात्र नवे घातले. आता तुम्ही विचाराल, "सर, मग हा रेडिओ जुना कसा?" प्रश्न योग्य आहे. पण बैलगाडीची धाव बदलली, म्हणून गाडी बदलत नाही. गाडी चालते तशीच चालते. ब्लूटूथवाला मात्र बैलगाडीत मोटारसायकलचे इंजिन बसवतो.

"पण त्यावर ऐकायचे काय?" असे माझी मुलगी विचारते. तिचे म्हणणे खोटे नाही. दादाजान ज्यावर सिलोन लावत, ती शॉर्ट वेव्ह आता ओस पडली आहे. बीबीसीची हिंदी सेवाही 31 जानेवारी 2020 रोजी शॉर्ट वेव्हवरून बंद झाली. मीडियम वेव्हवर अजून काही लागते. रात्री दूरचे केंद्रही येते, कारण अंधार पडल्यावर या लहरी आकाशातल्या वरच्या थरावरून परत फिरतात. खरखर असते, हे कबूल करतो.

मला चिंता वेगळीच आहे. चाचांना नीट दिसत नाही, आणि डाग देताना हात थरथरतो. त्यांच्याजवळ शिकायला कोणी येत नाही. मी दर रविवारी जातो. तुमच्या गावातही असा एखादा मिस्त्री असेल. त्याला भेटा. मात्र रेडिओ स्वतः उघडू नका. आत दोनशे-अडीचशे व्होल्ट असतात, आणि वीज काढल्यावरही कंडेन्सर झटका देतो.

आमच्या रेडिओचे मागचे झाकण हरवले आहे. मी पुठ्ठ्याचे नवे कापले आहे. त्याला भोके पाडायची राहिली आहेत. व्हॉल्व्ह तापतात ना! तोपर्यंत अम्मी त्याला कोणाला हात लावू देत नाही.